बीटलचे मडगार्ड उतरवताना रंग कसा जपावा

जुन्या गाडीचा मडगार्ड किंवा बॉनेट उतरवताना रंग खराब होतो, तेव्हा तो बहुधा मोकळ्या, सपाट पत्र्यावर खराब होत नाही. नुकसान होते ते दोन पत्रे जिथे एकमेकांना टेकतात त्या बोटभर रुंदीच्या पट्टीवर. पत्रे दोन असले तरी त्यांच्यावरचा रंग पुष्कळदा एकच झालेला असतो. वर्षानुवर्षांच्या रंगकामात तो फटीवरून सलग पसरलेला असतो, आणि एक पत्रा ओढला की तो दुसऱ्या पत्र्याचा रंग सोबत घेऊन निघतो. बोल्ट सोडवणे हे या कामातले सोपे अंग आहे. अवघड अंग म्हणजे बोल्टला पाना लावण्याआधी ही जोडरेषा ओळखणे, ती मोकळी करणे आणि तिच्या दोन्ही कडांना संरक्षण देणे.

हे सगळे समजावून सांगण्यासाठी मी फोक्सवॅगन बीटल ही गाडी घेतली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ च्या डिसेंबरात, जर्मनीतल्या वोल्फ्सबर्ग येथे तिचे नियमित उत्पादन सुरू झाले आणि शेवटची बीटल ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतल्या पुएब्ला येथील कारखान्यातून बाहेर पडली. तोपर्यंत एकूण २,१५,२९,४६४ गाड्या तयार झाल्या होत्या. या दीर्घ काळात तिचे इंजिन मोठे होत गेले, दिवे, काचा आणि बंपर बदलले, पण चारही मडगार्ड बोल्टने जोडण्याची पद्धत शेवटपर्यंत कायम राहिली. आजच्या बहुतेक गाड्यांत मागचा मडगार्ड हा मूळ सांगाड्याचाच वेल्ड केलेला भाग असतो. बीटलचे मात्र चार मडगार्ड, दोन फूटबोर्ड, दोन दरवाजे, पुढचे झाकण आणि मागचे इंजिनाचे झाकण हे सर्व भाग साध्या हत्यारांनी सुटतात. छप्पर, खिडक्यांखालचे बाजूचे पत्रे, पुढच्या झाकणाच्या खालचा पत्रा आणि मागच्या बंपरमागचा पत्रा हे वेल्ड केलेले आहेत, त्यांना हात लावू नये. दुसऱ्या कोणत्याही गाडीवर काम करताना पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो: कोणता भाग बोल्टवर आहे आणि कोणता वेल्डिंगवर? याचे उत्तर त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये शोधावे, अंदाजाने ठरवू नये.

रंग पुन्हा मारता येतो, मग एवढी काळजी कशासाठी, असे कोणी विचारील. याचे उत्तर असे, की कारखान्यात बसलेला रंग एकदाच बसतो. त्याच्यावरून गाडी कोणत्या काळातली आहे, तिचा कोणता भाग बदलला गेला आहे आणि कुठे अपघात होऊन गेला आहे, हे जाणकाराला वाचता येते. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिवाने, स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेतही जुन्या वाहनाचे मूळ साहित्य जपण्यावर आणि कमीत कमी हस्तक्षेप करण्यावर भर दिलेला आहे. शिवाय व्यवहाराची बाजूही आहेच. पन्नास वर्षे ऊन खाल्लेल्या रंगाशी नवा रंग जुळवणे फार कठीण असते. एका कडेवरचा नखाएवढा टवका झाकायला गेले तर अख्खा पत्रा रंगवावा लागतो, आणि मग तो पत्रा शेजारच्या पत्र्यापेक्षा वेगळा दिसू लागतो.

आता रंग म्हणजे नेमके काय, ते पाहू. पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर पृष्ठभाग गुळगुळीत करणारा थर आणि त्यावर रंग, अशी ही रचना असते. कारखान्यातून आलेल्या गाडीवर या सर्व थरांची एकत्रित जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे गाडीचा संपूर्ण रंग दोन केसांच्या जाडीएवढाच. ज्या गाडीला दोनदा-तीनदा रंग मारला आहे तिच्यावर हीच जाडी दुप्पट-तिप्पट होते आणि जिथे लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली असते तिथे ती मिलिमीटरांत जाते. पत्र्याला टेकवून रंगाची जाडी मोजणारे छोटे चुंबकीय यंत्र बाजारात मिळते. काम सुरू करण्याआधी ते प्रत्येक मडगार्डाच्या मध्यावर, कडेजवळ आणि लगतच्या मूळ पत्र्यावर टेकवून आकडे लिहून ठेवावेत. जिथे आकडा अचानक मोठा दिसतो तिथे रंगाखाली लांबी आहे असे समजावे. लांबी लवचीक नसते. पत्रा थोडा जरी वाकला तरी ती तडकते आणि वरच्या रंगाला घेऊन सुटते.

कडेवर परिस्थिती आणखी नाजूक असते, आणि याला भौतिक कारण आहे. ओला रंग धारदार कडेवर थांबत नाही. पृष्ठताणामुळे तो कडेपासून थोडा मागे सरकतो. त्यामुळे जिथे आघात होण्याची शक्यता सर्वांत जास्त, तिथेच रंगाचा थर सर्वांत पातळ राहतो. त्यात त्या कडेच्या मागच्या बाजूने पाणी शिरून गंज धरलेला असला, तर गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्यामुळे तो रंगाला आतून वर उचलत राहतो. वरून धडधाकट दिसणारा रंग अशा जागी प्रत्यक्षात पत्र्याला चिकटलेलाच नसतो. कोकणपट्टीत किंवा मुंबईत, खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात राहिलेल्या गाडीच्या जोडरेषेवर हे हमखास आढळते. नखाने हलकेच टकटक केल्यावर पोकळ, कागदासारखा आवाज आला, तर तिथला रंग सुटलेला आहे असे धरून चालावे आणि त्याचे छायाचित्र आधीच काढून ठेवावे.

बीटलचा मडगार्ड आणि मूळ पत्रा यांच्यामध्ये बीडिंग नावाची प्लास्टिकची पट्टी असते. तिची गोल कड बाहेरून गोटासारखी दिसते आणि चपटा भाग दोन पत्र्यांच्या मध्ये दाबला जातो. दोन पत्रे एकमेकांवर घासू नयेत, गाडी चालताना करकर होऊ नये आणि चाकाने उडवलेले पाणी फटीतून वर येऊ नये, यासाठी ती असते. अनेक गाड्यांना पुन्हा रंग देताना मडगार्ड उतरवलेलेच नसतात. बीडिंगसकट सगळ्यावरून रंगाची फवारणी केलेली असते. बीडिंगवर रंगाचा सलग थर आणि तिच्या दोन्ही बाजूंना केसासारख्या भेगा दिसल्या, तर नेमके हेच झालेले आहे. अशा वेळी रंगाचा पातळ पूल मडगार्डावरून बीडिंगवर आणि बीडिंगवरून मूळ पत्र्यावर गेलेला असतो. तो न कापता मडगार्ड ओढला, तर हा पूल आपल्या सोयीच्या जागी तुटत नाही, तो जिथे सर्वांत कमकुवत असेल तिथे तुटतो, आणि ती जागा बहुतेक वेळा मूळ पत्र्याची कड असते. मी पहिल्यांदा मागचा मडगार्ड उतरवला तेव्हा हे मला ठाऊक नव्हते. बोल्ट सगळे नीट सुटले, मडगार्डही अलगद हातात आला, आणि त्याच्यासोबत मागच्या खिडकीखालच्या पत्र्याचा चार-पाच सेंटिमीटर लांबीचा रंगाचा तुकडाही आला. तो डाग आजही त्या गाडीवर आहे.

म्हणून पहिले खरे काम आहे ते पाण्याचे आणि साबणाचे. गाडीवरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे सिलिकाचे, कण असतात आणि ते रंगापेक्षा फार कठीण असतात. धूळ असलेल्या पृष्ठभागावर टेप चिकटवली, फडके टाकले किंवा आपल्या पोटाचा नुसता आधार घेतला, तरी ते कण रंगावर ओरखडे काढतात. गाडी भरपूर पाण्याने धुवावी, चाकांच्या वरच्या पोकळीत साचलेला चिखल पाण्याच्या धारेने आणि लाकडी पट्टीने काढावा आणि गाडी पूर्ण वाळू द्यावी. पोकळीत बोल्टवर डांबरासारखा जाड थर चढवलेला असला, तर तो लाकडी किंवा प्लास्टिकच्या खरवडणीने आणि थोड्या रॉकेलने मऊ करून काढता येतो. हे काम पोकळीच्या आतच ठेवावे आणि रॉकेलचे ओघळ बाहेरच्या रंगावर येऊ देऊ नयेत. त्यानंतर अंगठी, घड्याळ आणि कमरेचा पट्टा काढून ठेवावा. पट्ट्याच्या बकलाने मडगार्डांवर पडलेले ओरखडे मी इतक्या गाड्यांवर पाहिले आहेत, की ही सूचना मी कुणालाही सर्वांत आधी देतो.

टेप लावण्याआधी रंगाचा प्रकार ओळखावा. जुन्या गाड्यांवर सेल्युलोज लॅकर, भाजलेले सिंथेटिक इनॅमल किंवा नंतरच्या काळात मारलेला दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग, यांपैकी काहीही असू शकते. पुढच्या झाकणाच्या आतल्या बाजूसारख्या न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्यावर लॅकर थिनरचा एक थेंब घेऊन टेकवावा. रंग लगेच विरघळून बोळ्यावर उतरला तर तो लॅकर आहे. इनॅमल थोडा वेळ टिकते आणि मग सुरकुतते किंवा मऊ पडते. पूर्ण पक्का झालेला दोन घटकांचा रंग जवळपास तसाच राहतो. ही परीक्षा महत्त्वाची आहे, कारण पुढे वापरायचे प्रत्येक रसायन या उत्तरावर अवलंबून आहे. रंग लॅकर असेल तर थिनर, ॲसिटोन किंवा तत्सम द्रव त्या कोपऱ्यात आणूच नयेत. गंजलेले बोल्ट सोडवण्यासाठी ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल यांचे घरगुती मिश्रण वापरण्याचा सल्ला अनेकजण देतात. ते बोल्टवर चांगले काम करते, पण त्यातला ॲसिटोन फटीतून वर आला की रंग खातो. ब्रेक ऑइलचेही तेच आहे; ग्लायकॉलवर आधारित ब्रेक ऑइलचा एक थेंब काही वेळात रंग फुगवतो.

टेप रंगकामासाठीचीच, कमी चिकटणारी घ्यावी. मडगार्डाच्या आणि मूळ पत्र्याच्या कडेवर, बीडिंगच्या दोन्ही बाजूंना, अर्धा मिलिमीटर जागा मोकळी सोडून तिचे दोन थर लावावेत आणि त्यांच्यावर जाड कागदाची किंवा पातळ फोमची पट्टी बसवावी. जिथे रंग आधीच सुटलेला आहे तिथे टेप लावू नये, कारण टेप काढताना तोही निघेल; तिथे मऊ फडके शेजारच्या भक्कम भागावर अडकवून नुसते पांघरावे. टेप लावलेली गाडी उन्हात ठेवू नये आणि टेप अनेक दिवस तशीच राहू देऊ नये, कारण गोंद तापून रंगात मुरतो. काम लांबले तर जुनी टेप काढून नवी लावावी, आणि काढताना ती पृष्ठभागाला समांतर, स्वतःवर दुमडत, सावकाश ओढावी.

यानंतर जोडरेषा कापायची. यासाठी नवे, पातळ पाते लागते. बोथट पाते रंग कापत नाही, ते त्याला ढकलते आणि ढकललेला रंग तुकड्यांनी उडतो. पात्याची धार पत्र्याच्या बाजूला न झुकवता बीडिंगच्या बाजूला झुकवावी. बीडिंग स्वस्त आहे आणि ती नवी मिळते, त्यामुळे पाते घसरायचे असेल तर ते बीडिंगमध्ये घसरू द्यावे. एका दाबात आरपार कापण्याचा प्रयत्न न करता हलक्या हाताने तीन-चार वेळा पाते फिरवावे, आधी मडगार्डाच्या बाजूने आणि मग मूळ पत्र्याच्या बाजूने. दिवा तिरपा धरला तर कापलेली रेषा स्वच्छ दिसते आणि कुठे पूल शिल्लक आहे तेही कळते. फूटबोर्ड जिथे मडगार्डाला भिडतो तिथे, पुढच्या मडगार्डावरच्या इंडिकेटरच्या रबरी बैठकीभोवती आणि मागच्या दिव्याच्या गॅस्केटभोवतीही रंग असाच चिकटलेला असतो. तिथेही पाते फिरवावे. हिवाळ्यातल्या सकाळी रंग थंड आणि ठिसूळ असतो, म्हणून हे काम दुपारी करावे किंवा जोडरेषेवर केस वाळवण्याच्या यंत्राने थोडी ऊब द्यावी. हाताला सहन होईल एवढीच ऊब पुरते.

मागच्या सीटखालची बॅटरी आधीच सोडवून ठेवावी, ऋण टोक प्रथम. मग दोन्ही बंपर उतरवावेत, कारण त्यांचे कंस मडगार्डातल्या छिद्रांतून आत गेलेले असतात आणि ते तसेच ठेवून मडगार्ड निघत नाही. बंपर जड असतो आणि त्याचे टोक मडगार्डावर आपटले तर टवका उडतोच, म्हणून दोन्ही टोकांना एकेक माणूस हवा. पुढच्या मडगार्डात हेडलाइट आणि इंडिकेटर असतात, डाव्या बाजूला हॉर्न असतो, आणि त्यांच्या तारा पत्र्यातल्या छिद्राच्या रबरी कडीतून आत गेलेल्या असतात. मागच्या मडगार्डाच्या दिव्याच्या तारा इंजिनाच्या कप्प्यात जातात. प्रत्येक तारेला चिठ्ठी लावून ती सोडवावी आणि आतून मोकळी आहे याची खात्री करावी. तार अडकून मडगार्ड हवेत लोंबकळला, की माणूस दचकतो आणि नेमका त्या क्षणी तो पत्र्यावर आदळतो.

गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, टेकवून चाक काढले, की मडगार्डाचे नऊ-दहा बोल्ट पोकळीच्या आतून कमानीत बसलेले दिसतात. त्यांची डोकी १३ मिलिमीटरच्या पान्याची असतात. हे बोल्ट मूळ पत्र्याच्या आत पक्क्या बसवलेल्या नटांत जातात, आणि खरी अडचण इथेच आहे. बोल्ट गंजून नटाशी एकजीव झालेला असेल आणि आपण जोर लावला, तर नट आपल्या जागेवरून सुटून आतल्या आत फिरू लागतो. मग त्याला धरायला दुसरीकडून वाट नसते आणि माणूस छिन्नी-हातोडी हातात घेतो. रंगाचे मोठे नुकसान ज्या क्षणी होते तो हाच क्षण.

तो टाळण्यासाठी वेळ द्यावा लागतो. बोल्टभोवतीचा गंज तारेच्या ब्रशने साफ करून त्यावर गंज सोडवणारे तेल दोन-तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, थोडे थोडे सोडावे. तेल फवारण्याऐवजी ब्रशने लावावे, म्हणजे ते बाहेरच्या कडेवर उडत नाही. फटीतून वर आलेले तेल रोज पुसून घ्यावे. बॉक्स पाना सहा कोनांचा वापरावा, बारा कोनांचा नको, कारण बारा कोनांचा पाना गंजलेल्या डोक्यावरून घसरतो आणि घसरलेला हात किंवा पाना पत्र्यावर जाऊन आदळतो. पहिला हलका झटका घट्ट करण्याच्या दिशेने द्यावा. त्याने गंजाची पकड तुटते. मग पाव फेरा सैल, थोडा घट्ट, पुन्हा पाव फेरा सैल, असे आट्यांतला गंज भुगा होऊन बाहेर येईपर्यंत करावे.

एवढे करूनही बोल्ट सुटला नाही, तर गॅसच्या ज्योतीचा मोह होतो. बीटलच्या पुढच्या भागात पेट्रोलची टाकी दोन्ही मडगार्डांच्या मध्ये, झाकणाखालीच असते, त्यामुळे तिथे ज्योत वापरणे हा जिवाशी खेळ आहे. मागच्या बाजूलाही ज्योतीची उष्णता पातळ पत्र्यातून पसरते आणि पलीकडचा रंग आधी पिवळा पडतो, मग फुगतो. माझे मत असे आहे, की रंग वाचवायचा असेल तर बोल्टचे डोके कापणे हाच अधिक सुरक्षित मार्ग आहे. मात्र ग्राइंडरच्या ठिणग्यांपासून सावध राहावे. त्या ठिणग्या म्हणजे तापलेल्या लोखंडाचे कण असतात; ते रंगात आणि काचेत रुतून बसतात आणि पुढच्या पावसात प्रत्येक कणाभोवती तपकिरी ठिपका उमटतो. गाडीचा बाकी सर्व भाग जाड सुती कापडाने झाकून ठिणग्यांची दिशा पोकळीच्या आतच ठेवावी, किंवा वेळ असेल तर लोखंड कापायच्या करवतीच्या सुट्या पात्याने हाताने कापावे. पातळ पाते हातात धरून एका बोल्टला वीस मिनिटे लागतात, पण रंग वाचतो. डोके निघाल्यावर मडगार्ड मोकळा होतो आणि उरलेल्या बोल्टचा बंदोबस्त नंतर, सावकाश, मोकळ्या जागेत करता येतो.

बोल्ट काढताना क्रम असतो. फूटबोर्डाला जोडणारा बोल्ट आणि मधली रबरी चकती आधी काढावी, मग कमानीच्या दोन्ही टोकांकडून वर सरकत जावे आणि कमानीच्या माथ्यावरचे दोन बोल्ट शेवटपर्यंत, चार-पाच आट्यांवर सैल करून, ठेवावेत. या दोन बोल्टांवर मडगार्ड टांगलेला राहतो आणि हाताने हलवून तो सगळीकडून सुटला आहे की नाही ते पाहता येते. कुठे अडत असेल तर तिथे पुन्हा पाते फिरवावे. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नये. त्याचे टोक एकाच बिंदूवर सगळा भार टाकते, तिथे पत्रा दबतो आणि रंग तडकतो. प्लास्टिकची रुंद पाचर चालते. शेवटी दुसऱ्या माणसाने मडगार्ड दोन्ही हातांनी खालून पेलावा, मग शेवटचे दोन बोल्ट काढावेत आणि मडगार्ड सरळ बाहेरच्या दिशेने न्यावा. तो खाली सरकवत काढला तर त्याची आतली कड मूळ पत्र्यावर घासत जाते.

पुढच्या झाकणाची गोष्ट वेगळी आहे. ते प्रत्येक बाजूला दोन बोल्टांनी बिजागरीला जोडलेले असते, आणि ते काढणे मडगार्डापेक्षा सोपे वाटते, म्हणूनच तिथे निष्काळजीपणा होतो. झाकणाचे मागचे दोन कोपरे समोरच्या काचेखालच्या पत्र्यापासून अगदी थोड्या अंतरावर असतात. एका बाजूचे बोल्ट निघाले आणि झाकण तिरके झाले, की दुसऱ्या बाजूचा कोपरा त्या पत्र्यात रुततो आणि दोन्हीकडचा रंग एकाच वेळी जातो. त्या पत्र्यावर आणि दोन्ही कोपऱ्यांखाली घडी घातलेली जाड रजई ठेवावी, बिजागरीभोवती पेन्सिलीने किंवा बारीक टेपने खुणा कराव्यात, दोन माणसांनी दोन्ही बाजू पेलाव्यात आणि तिसऱ्याने बोल्ट काढावेत. बोल्टची छिद्रे मुद्दाम सैल ठेवलेली असतात, त्यामुळे खूण नसेल तर झाकण परत बसवताना फटी जुळवण्यात दिवस जातो, आणि त्या प्रत्येक प्रयत्नात कोपरे पुन्हा धोक्यात येतात. मागच्या इंजिन झाकणाला नंबरप्लेटच्या दिव्याची तार असते, आणि ते वर धरून ठेवणारी स्प्रिंग जोरदार ताणलेली असते. ती काबूत घेतल्याशिवाय बिजागरीचे बोल्ट सैल करू नयेत, कारण ती सुटली तर रंगाच्या आधी हाताला इजा करते.

दरवाजे शक्यतो काढू नयेत, असे मी सांगेन. त्यांच्या बिजागरीचे मोठे स्क्रू खांबात घट्ट बसलेले असतात, ते सोडवायला आघाताने फिरणारा ड्रायव्हर लागतो, आणि दरवाजा जड असल्याने तो निसटला तर मडगार्डाच्या मागच्या कडेवर आदळतो. रंगकाम किंवा गंजाचे काम दरवाजा जागेवर ठेवून होत असेल, तर तो तसाच ठेवावा. क्रोमच्या पट्ट्या क्लिपांवर बसलेल्या असतात. खाली टेपचे दोन थर लावून प्लास्टिकच्या पाचरीने प्रत्येक क्लिपजवळ थोडे थोडे उचलत गेले तर त्या वाकत नाहीत.

उतरवलेले भाग ठेवण्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. मडगार्ड कडेवर उभा करून सिमेंटच्या जमिनीवर ठेवला, तर जी कड आपण तीन दिवस जपली तीच तिथे टवके देते. तो धुतलेल्या गोधडीवर किंवा फोमवर, बाहेरची बाजू वर करून ठेवावा, किंवा बोल्टच्या छिद्रांतून सुती दोरी ओवून टांगावा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये. आत कोंडलेला ओलावा रंगावर फोड आणि पांढरे डाग आणतो. हवेच्या फुग्यांचे प्लास्टिक तर विशेष टाळावे, कारण त्या फुग्यांचे गोल ठसे रंगावर उमटतात आणि पॉलिश करूनही कधीकधी जात नाहीत. स्वच्छ जुनी चादर सैल पांघरणे पुरेसे आहे. काढलेले बोल्ट, चकत्या आणि क्लिपा प्रत्येक मडगार्डाच्या स्वतंत्र पिशवीत, जागेची चिठ्ठी घालून ठेवाव्यात.

परत बसवताना धोका उतरवण्याइतकाच असतो, कारण आता हात थकलेले असतात आणि काम संपत आल्याची घाई असते. मूळ पत्र्याच्या कडेवर, जिथे बीडिंग दबते, तिथला गंज खरवडून प्रायमर लावावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. पावसाळ्यात हे काम हाती घेऊ नये, कारण उघडा पडलेला पत्रा दमट हवेत एका रात्रीत तांबूस होतो. सर्व नटांतून योग्य मापाचा टॅप, म्हणजे आटे पाडण्याचे हत्यार, फिरवून आटे स्वच्छ करावेत. आठ मिलिमीटरचे दोन लांब बोल्ट घेऊन त्यांची डोकी कापावीत, टोके गोल घासावीत आणि त्या खुंट्या कमानीच्या माथ्यावरच्या दोन नटांत हाताने फिरवून बसवाव्यात. मडगार्ड या खुंट्यांवर टांगला की त्याचा भार हातावर राहत नाही आणि छिद्रे जुळवताना तो पत्र्यावर घासतही नाही. या साध्या युक्तीने माझ्या पाहण्यातल्या कितीतरी कडा वाचल्या आहेत.

नवी बीडिंग गुंडाळीतून काढून काही वेळ उन्हात ठेवली तर मऊ होते आणि कमानीवर नीट वळते. ती मडगार्ड आणि पत्रा यांच्यामध्ये, सर्व बोल्ट सैल असतानाच सरकवावी आणि तिच्या खाचा बोल्टांवर बसल्या आहेत का ते आतून पाहावे. बोल्टांना गंज रोखणारे ग्रीस लावून ते सगळे आधी हाताने, आटे नीट धरेपर्यंत फिरवावेत. एकही बोल्ट पान्याने सुरू करू नये. मग खुंट्या काढून त्यांच्या जागी बोल्ट घालावेत आणि माथ्यावरून दोन्ही टोकांकडे, प्रत्येक बोल्ट थोडा थोडा, दोन-तीन फेऱ्यांत आवळावा. प्रत्येक फेरीनंतर बाहेर येऊन बीडिंगची गोल कड सगळीकडे सारखी दिसते आहे की नाही ते पाहावे. जिथे ती आत खेचली गेली असेल तिथे बोल्ट सैल करून ती बोटाने बाहेर ओढावी, हत्याराने नव्हे. जोर बेताचाच लावावा. हे बोल्ट पत्र्याला पत्रा धरून ठेवतात, इंजिन नव्हे, आणि जास्त आवळले तर बीडिंग बाहेर फुगते व कडेचा रंग दाबाने तडकतो.

टेप सर्वांत शेवटी काढावी, चाक बसवून गाडी जमिनीवर टेकवल्यानंतर. नवी बीडिंग पहिल्या काही दिवसांत थोडी दबते आणि बोल्ट किंचित सैल पडतात, म्हणून दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर पोकळीत हात घालून ते सर्व पुन्हा एकदा, त्याच क्रमाने आणि तेवढ्याच बेताने आवळून घ्यावेत.